कॉम्प्युटरचा पंचनामा कुणाकडे जातो?

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे, पण तुमच्या घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरशी त्याचा संबंध येतो, आणि भारतात आई-बाबांच्या टेबलावर ठेवलेल्या कॉम्प्युटरशी तर जास्तच. विषय आहे एरर रिपोर्टिंग. एखादा प्रोग्राम अचानक बंद पडला की त्याची खबर आपल्या मशीनमधून बाहेर जाते. ती कुणाकडे जाते, तिच्यात काय असतं, आणि ती किती जाऊ द्यायची हे ठरवण्याची सेटिंग कुठे असते, एवढं आज बघू. संहिता वाचणाऱ्यांनी शक्य असेल तर कॉम्प्युटर समोर घेऊनच बसा.

विंडोज एक्सपी आठवतंय? २००१ साली आलं, ते हिरव्या टेकडीच्या चित्राचं. वर्डमध्ये काहीतरी टाइप करता करता सगळं गोठायचं आणि एक छोटी खिडकी यायची. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, मायक्रोसॉफ्टला कळवू का? खाली दोन बटणं, 'सेंड एरर रिपोर्ट' आणि 'डोन्ट सेंड'. पुण्या-मुंबईतल्या सायबर कॅफेंपासून ऑफिसांपर्यंत बहुतेक जण न वाचता 'डोन्ट सेंड' दाबायचे. डायल-अपच्या जमान्यात इंटरनेटचा मीटर पळत असताना कुणाला असली पत्रं पाठवायची हौस होती!

आज ती दोन बटणं दिसत नाहीत. विंडोज १० किंवा ११ वर प्रोग्राम कोसळला तर बहुतेक वेळा त्याची खिडकी नुसती नाहीशी होते, आणि आपण 'हे काय झालं' म्हणत तो पुन्हा उघडतो. विचारणं थांबलं, कळवणं थांबलेलं नाही. तुमचं उत्तर एकदाच घेतलं गेलं आहे, लॅपटॉप नवा होता त्या दिवशी. ज्या पाच-सहा पडद्यांवर आपण 'ॲक्सेप्ट', 'नेक्स्ट', 'ॲक्सेप्ट' असं दाबत गेलो, त्यांतला एक हा होता. त्यामुळे तुमच्या मशीनवर आज नेमकं काय चालू आहे, हे तुम्हाला ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त.

आता रिपोर्टमध्ये असतं काय ते पाहू. पोलीस घटनास्थळी येऊन पंचनामा करतात तसाच हा प्रकार आहे. पंचनाम्याचं पहिलं पान अगदी साधं असतं. कोणता प्रोग्राम पडला, त्याची आवृत्ती कोणती, त्याच्या पोटातल्या कोणत्या भागात गडबड झाली, आणि चुकीचा एक ठरावीक क्रमांक. त्यातला सगळ्यात नेहमीचा क्रमांक शून्य-एक्स, सी, मग सहा शून्यं आणि शेवटी पाच, असा असतो. दिसायला भीतीदायक, पण अर्थ सोपा आहे. प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचा ठरावीक तुकडा वाटून दिलेला असतो. एखादा प्रोग्राम बांध ओलांडून आपली नसलेली जमीन नांगरायला गेला, की विंडोज त्याला तिथल्या तिथे बंद पाडतं आणि हा क्रमांक लिहितं. गावाकडे बांधावरून पिढ्यान्पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, इथे निकाल क्षणात लागतो.

हे पहिलं पान मायक्रोसॉफ्टकडे गेलं की ते पोस्टातल्या टपालासारखं वेगवेगळ्या खणांत टाकलं जातं. त्याच प्रोग्रामचा, त्याच आवृत्तीचा, त्याच जागचा बिघाड असेल तर एकच खण. मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी २००९ साली या यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हाच ती अब्जभर कॉम्प्युटरांकडून येणारे रिपोर्ट हाताळत होती. एवढे कागद माणसं वाचू शकत नाहीत, म्हणून खण मोजायचे. ज्या खणात सगळ्यात जास्त कागद, तो बिघाड आधी दुरुस्त करायचा. खण ओळखीचा असेल तर पुढे काही मागायचं नाही. अनोळखी किंवा न सुटलेला असेल, तरच तुमच्या मशीनकडे जास्तीची माहिती मागायची.

एमबीएच्या वर्गात पॅरेटोचा ८०-२० चा नियम इतक्या वेळा ऐकवतात की त्याचा कंटाळा येतो, पण इथे तो अक्षरशः लागू पडलेला दिसतो. स्टीव्ह बाल्मर मायक्रोसॉफ्टचे प्रमुख असताना २००२ साली त्यांनी ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं, की सुमारे २० टक्के दोषांमुळे ८० टक्के बिघाड होतात, आणि अवघ्या १ टक्का दोषांमुळे निम्मे बिघाड होतात. हे त्यांना कळलं ते लोकांनी पाठवलेल्या रिपोर्टांवरून. तेव्हा 'डोन्ट सेंड' दाबणाऱ्या आपल्यासारख्यांचंही भलं झालं ते 'सेंड' दाबणाऱ्यांच्या जिवावर. म्हणून एरर रिपोर्टिंग म्हणजे हेरगिरी, ते मुळापासून उपटून टाका, असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण पंचनाम्याला पुढची पानंही असतात, आणि काळजी त्यांची आहे. जास्तीची माहिती म्हणजे काय? प्रोग्राम पडला त्या क्षणी मेमरीत जे काही होतं त्याचा तुकडा. यालाच मेमरी डंप म्हणतात. समजा तुम्ही टॅक्स रिटर्नची पीडीएफ उघडली आहे, किंवा ओसीआयच्या अर्जासाठी पासपोर्टचं स्कॅन जोडता आहात, आणि नेमका त्याच वेळी प्रोग्राम पडला. पडण्याच्या क्षणी तो मजकूर मेमरीत होता. तो अख्खा जाईल असं नाही, काहीच जाणार नाही असंही होऊ शकतं, पण त्याचा एखादा तुकडा डंपमध्ये सापडू शकतो. हा माझा तर्क नाही. मायक्रोसॉफ्टनेच आपल्या माहितीपत्रकात लिहून ठेवलं आहे, की ऐच्छिक माहिती पाठवायचं चालू ठेवलं तर वापरात असलेल्या फाइलचा काही भाग अनवधानाने सोबत येऊ शकतो.

डंपमध्ये नको ते राहून जाण्याची भीती किती खरी आहे, याचं एक उदाहरण सांगतो. २०२३ साली चीनशी संबंधित हॅकरांनी मायक्रोसॉफ्टची एक डिजिटल चावी मिळवून सुमारे २५ संस्थांच्या ईमेलमध्ये शिरकाव केला. त्यात अमेरिकेची सरकारी खातीही होती. चावी गेली कशी? सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की २०२१ मध्ये त्यांची एक अंतर्गत यंत्रणा कोसळली, तिच्या डंपमध्ये ती चावी राहून गेली आणि तो डंप सुरक्षित जागेतून कमी सुरक्षित जागेत नेला गेला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुढे मार्च २०२४ मध्ये त्यांनी हेही जोडलं, की चावी असलेला असा डंप प्रत्यक्षात सापडलेला नाही. म्हणजे चोरीचा तो मार्ग सिद्ध झाला नाही. पण ज्यांनी ही सगळी यंत्रणा बांधली, त्यांना स्वतःच्या घरातल्या चोरीत पहिला संशय डंपवर घ्यावासा वाटला, यातच काय ते आलं.

दुसरी गोष्ट त्याआधीची. डिसेंबर २०१३ मध्ये 'डेर श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाने बातमी दिली, की अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था इंटरनेटवरून जाणारे विंडोजचे एरर रिपोर्ट वाटेतच टिपू शकत होती. कुणाच्या मशीनवर कोणता प्रोग्राम कोणत्या आवृत्तीचा आहे आणि तो कुठे कच्चा आहे, हे त्यातून आयतं कळतं. त्याच सुमाराला सुरक्षा क्षेत्रातल्या लोकांनी दाखवून दिलं, की रिपोर्टचा सुरुवातीचा भाग तेव्हा साध्या मजकुरात, कुलूप न लावता पाठवला जात होता. म्हणजे पाकिटाऐवजी पोस्टकार्ड. पुढे हे टपाल कुलूपबंद झालं. तरी त्यातून एक कळतं. आपण ज्या पहिल्या पानाला निरुपद्रवी म्हणतो, तेही चोराच्या दृष्टीने घराच्या खिडक्या-दारांचा नकाशा असू शकतं.

हे ऐकून घाबरून सगळं बंद करायला धावू नका. सेटिंगकडे येऊ.

विंडोज ११ असेल तर स्टार्टमधून 'सेटिंग्ज' उघडा. डाव्या बाजूला 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', आणि त्यात 'डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक'. अगदी वर 'डायग्नोस्टिक डेटा' म्हणून एक भाग दिसेल आणि त्यात 'सेंड ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटा' असं एक बटण. मेमरीतले तुकडे जाण्याचा प्रश्न या बटणाशी निगडित आहे. विंडोज १० वर हीच गोष्ट 'सेटिंग्ज'मधल्या 'प्रायव्हसी'खाली मिळते. तिथे बटणाऐवजी 'रिक्वायर्ड' आणि 'ऑप्शनल' असे दोन पर्याय आहेत. अजून जुन्या आवृत्त्यांत त्यांनाच 'बेसिक' आणि 'फुल' म्हणत.

ज्या मशीनवर टॅक्सची कागदपत्रं, इमिग्रेशनची कागदपत्रं, बँक, मुलांच्या शाळेचे आणि डॉक्टरांचे कागद आहेत, त्यावर ऑप्शनल बंद ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या बहुतेकांच्या घरात हे सगळं एकाच मशीनवर असतं, त्यामुळे घरातलं मुख्य मशीन म्हणा ना. मुलांचं गेम खेळायचं वेगळं मशीन असेल तर तिथे चालू राहिलं तरी मी त्यावर वाद घालणार नाही. उलट ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरच्या भानगडी तिथूनच जास्त येतात, त्या कळलेल्या बऱ्या.

ऑप्शनल बंद केलं म्हणजे तोंडाला कुलूप लागलं, असं मात्र नाही. 'रिक्वायर्ड' माहिती जातच राहते, आणि तिच्यात बिघाडाची मूलभूत नोंदही असते. साधारण आपल्या पंचनाम्याचं पहिलं पान. घरगुती विंडोजमध्ये सेटिंग्जच्या पडद्यावरून ते पूर्ण थांबवण्याची सोय दिलेली नाही. कुणाला हे खटकेल, आणि खटकणं योग्यच आहे. वापरणाऱ्याने पैसे मोजले आहेत, तर 'नाही' म्हणायची पूर्ण मुभा त्याला हवी, असं मलाही वाटतं.

त्याच पडद्यावर खाली जा. 'व्ह्यू डायग्नोस्टिक डेटा' दिसेल. ते चालू केलं तर मायक्रोसॉफ्टचं एक ॲप घेऊन तुमच्या मशीनवरून काय काय गेलं ते बघता येतं. त्यासाठी डिस्कवर १ जीबीपर्यंत जागा लागते. मजकूर कंटाळवाणा आहे, पण एकदा बघाच, आपल्या नावाने कुणी काय लिहिलं आहे ही उत्सुकता तर असतेच. त्याच्याच आसपास 'डिलीट डायग्नोस्टिक डेटा' आहे. ते दाबलं की या मशीनबद्दल मायक्रोसॉफ्टकडे साठलेली ही माहिती पुसण्याची विनंती जाते. आणि 'फीडबॅक फ्रीक्वेन्सी' आहे. तुम्हाला विंडोज आवडतं का, असले प्रश्न अधूनमधून येतात ते बंद करायचे असतील तर तिथे 'नेव्हर' निवडा.

कधी कधी ही बटणं फिकट असतात, दाबली जात नाहीत, आणि वर एक ओळ असते, की काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून नियंत्रित आहेत. तसं असेल तर बहुधा तुम्ही ऑफिसचा लॅपटॉप उघडून बसला आहात. त्याला हात लावू नका. आपल्यापैकी कित्येक जण हॉस्पिटलांच्या, बँकांच्या, इन्शुरन्स कंपन्यांच्या सिस्टिमवर काम करतात. तिथून कोणता डंप बाहेर जावा हे कंपनीची आयटी ठरवते, कायद्याच्या चौकटीत ठरवते, आणि कंपन्या अनेकदा असे रिपोर्ट बाहेर न पाठवता स्वतःकडेच वळवून घेतात. मधल्या रस्त्याने रजिस्ट्रीत जाऊन ते बदलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. व्हिसावर असलेल्या माणसाने तर नोकरीतल्या शिस्तभंगाची चिठ्ठी घरबसल्या मागवू नये. त्याचीच दुसरी बाजू अशी, की ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचे टॅक्सचे कागद उघडू नका. तिथल्या डंपवर तुमचा काहीच ताबा नाही.

आता ज्या सल्ल्याविषयी मला नेहमी विचारतात, तो. कुणीतरी व्हिडिओत सांगितलेलं असतं, की 'सर्व्हिसेस'मध्ये जा, 'विंडोज एरर रिपोर्टिंग सर्व्हिस' शोधा आणि 'डिसेबल्ड' करा, कॉम्प्युटर पळायला लागेल. पळणार नाही. ती सर्व्हिस मुळात 'मॅन्युअल' असते, गरज पडली की जागी होते, एरवी झोपलेली असते. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीतूनही हे बंद करता येतं. होम आवृत्तीत ती सोय नाही, म्हणून लोक रजिस्ट्रीत शिरतात. ज्यांना गोपनीयतेसाठी विचारपूर्वक बंद करायचं आहे त्यांनी जरूर करावं. पण वेग वाढेल म्हणून करू नका, कारण त्यात तुमचंच एक नुकसान आहे. पंचनाम्याची एक प्रत तुमच्या मशीनवरही राहते, आणि ती प्रत तुमच्या फार कामाची आहे.

ती बघायची कशी? स्टार्टच्या शोधात 'रिलायबिलिटी' एवढंच टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल, ते उघडा. गेल्या काही आठवड्यांचा आलेख दिसतो. १ ते १० अशी मशीनच्या स्थैर्याची रेषा, आणि ज्या दिवशी काही पडलं त्या दिवशी लाल फुली. त्या दिवसावर क्लिक केलं की खाली कोणता प्रोग्राम पडला ते लिहिलेलं असतं, आणि शेजारच्या 'व्ह्यू टेक्निकल डिटेल्स'मध्ये मघाचं पंचनाम्याचं पहिलं पान, जसंच्या तसं. तळाशी 'व्ह्यू ऑल प्रॉब्लेम रिपोर्ट्स' म्हणून सगळी यादीही आहे. माझ्या मते विंडोजमधली ही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी जागा आहे. 'कॉम्प्युटर हल्ली फार हँग होतो' आणि 'दिवाळीनंतर प्रिंटरचं नवं सॉफ्टवेअर टाकलं, त्या दिवसापासून रोज लाल फुली येते आहे', या दोन तक्रारींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी तक्रार घेऊन गेलात तर दुरुस्तीवाला तुम्हाला उगाच नवी हार्ड डिस्क विकणार नाही.

हे जुने रिपोर्ट डिस्कवर साठून जागा खात असतील तर 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स' या वाटेने गेलं की एरर रिपोर्टच्या नावाची एक ओळ असते, तिथे खूण करून पुसता येतात. मशीन विकताना किंवा मंडळाच्या देणगीत देताना मात्र एवढ्यावर थांबू नका. तिथे पूर्ण रीसेट करा आणि डिस्क साफ करण्याचा पर्यायही निवडा, कारण अख्खं विंडोज कोसळतं तेव्हाचा मोठा डंप वेगळ्याच जागी पडून असतो.

अख्खं विंडोज कोसळतं म्हणजे तो प्रसिद्ध निळा पडदा. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला आहे, तेव्हा काळा पडदा दिसला तर काही नवीनच रोग झाला असं समजू नका. त्याबाबत एक छोटी सेटिंग सांगण्यासारखी आहे. स्टार्टच्या शोधात 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' टाइप करा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या भागातलं 'सेटिंग्ज' उघडा. तिथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'वर खूण असते. ती काढली तर पडदा दिसून लगेच गायब होणार नाही, थांबून राहील, आणि त्यावरच्या 'स्टॉप कोड'चा फोनने फोटो काढता येईल. त्याच खिडकीत डंप किती मोठा लिहायचा तेही ठरवता येतं. सगळ्यात लहान, 'स्मॉल मेमरी डंप', २५६ केबीचा असतो. घरच्या मशीनला तेवढा बहुतेक वेळा पुरतो. आणि डंपची फाइल कुणा अनोळखी माणसाने तपासायला मागितली तर देऊ नका. आत काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, त्याला दिसतं.

फोटोवरून आठवलं, आता आई-बाबांच्या मशीनकडे वळू, कारण सगळ्यात मोठी जोखीम तिथे आहे आणि तिचा मायक्रोसॉफ्टला जाणाऱ्या रिपोर्टशी काहीच संबंध नाही. बिघाडाच्या संदेशाची भीती विकणारे लोक आहेत. इंटरनेटवर काही वाचत असताना अचानक पडदा भरून खिडकी येते, भोंगा वाजतो, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह असतं, 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असं लिहिलेलं असतं. एरर रिपोर्टिंगचं खरं तोंड ज्याने कधी पाहिलेलंच नाही, त्याला हे खरं वाटणारच.

दुसरा प्रकार याहून चतुर आहे. फोन येतो, बोलणारा नम्र असतो, तुमच्या कॉम्प्युटरमधून आमच्याकडे एरर रिपोर्ट येत आहेत असं म्हणतो. मग तो विंडोजचं बटण आणि आर दाबायला लावतो, एक शब्द टाइप करायला सांगतो, आणि 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडतो. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी असते. 'बघा काका, हे सगळे व्हायरस.' मंडळी, ती यादी प्रत्येक कॉम्प्युटरवर असते. आत्ता तुमच्या ठणठणीत लॅपटॉपवर उघडून पाहा, तिथेही लाल खुणा दिसतील. एखादी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होते. साप साप म्हणून भुई धोपटायला लावायची आणि धोपटण्याचे पैसे घ्यायचे, असा हा धंदा आहे. पैशांपाठोपाठ बँकेचं खातंही जातं, कारण तोवर कॉम्प्युटरचा ताबा त्यांनी घेतलेला असतो.

म्हणून आई-बाबांना एक गोष्ट पक्की सांगा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या बिघाड-संदेशात फोन नंबर कधीही नसतो. खऱ्या पडद्यावर स्टॉप कोड असतो, विंडोज १० मध्ये एक क्यूआर कोड आणि संकेतस्थळाचा पत्ता असतो, पण 'फोन करा' नसतं. आणि तुमच्या मशीनने रिपोर्ट पाठवला म्हणून मायक्रोसॉफ्टचा माणूस तुम्हाला फोन करत नाही. खणांची ती गोष्ट आठवा. अब्जावधी कागद मोजणारी यंत्रणा आहे ती, सदाशिव पेठेतल्या कुणाच्या कॉम्प्युटरची चौकशी करायला माणूस बसवणारी नाही. भोंगावाली खिडकी आली तर एस्केप थोडा वेळ दाबून धरायचं. नाही गेली तर ऑल्ट आणि एफ-४. तेही जमलं नाही तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरायचं. न सेव्ह केलेलं एखादं पत्र जाईल, जाऊ दे.

प्रत्यक्ष मदत दुरून करायची तर विंडोजमध्ये 'क्विक असिस्ट' आहे. त्यात कोड मदत करणाऱ्याकडे तयार होतो आणि समोरच्याने तो आपल्या मशीनवर टाकायचा असतो. फसवणारे लोकही हेच वापरतात, म्हणून घरात नियम करून टाका. आधी आपण व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करायचा, चेहरा बघून कोड सांगायचा, दुसऱ्या कुणाचाही कोड टाकायचा नाही, मग तो स्वतःला बँकेचा म्हणो की पोलिसांचा. उन्हाळ्यात इथे पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात. चहा झालेला असतो, बाबा पेपर वाचत असतात, पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात ऑप्शनल बंद करून होतं, रिलायबिलिटीचा आलेख बघून होतो, आणि इव्हेंट व्ह्यूअर मुद्दाम उघडून 'हे लाल दिसतंय ते नेहमीचंच आहे बरं का' हे दाखवूनही होतं. शेवटचं काम चुकवू नका. एकदा स्वतःच्या मुलीने किंवा मुलाने दाखवलेली यादी, नंतर कुणी फोनवरून दाखवली तर तिची भीती वाटत नाही.

फसवणूक झालीच असेल तर भारतात १९३० हा सायबर गुन्ह्यांचा हेल्पलाइन नंबर आहे. तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. लाजेपायी दोन दिवस गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. अमेरिकेत एफटीसीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, पण त्याआधी बँकेला फोन करा.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. 'सिस्टिम सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', आणि त्यात 'ॲनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स'. 'शेअर मॅक ॲनालिटिक्स' आणि ॲप बनवणाऱ्यांबरोबर वाटून घेण्याचं बटण, दोन्ही तिथेच आहेत. तुमच्याकडची प्रत 'कन्सोल' नावाच्या ॲपमध्ये 'क्रॅश रिपोर्ट्स'खाली मिळेल. आणि मशीन कुठलंही असो, फायरफॉक्स, क्रोम, ऑफिस यांचे स्वतःचे वेगळे रिपोर्ट असतात. विंडोजमध्ये बंद केलं म्हणून ते बंद होत नाहीत, त्या-त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. फायरफॉक्स कोसळल्यावर येणाऱ्या खिडकीत तर तेव्हा उघडं असलेलं पान कळवू का, असाही एक चौकोन असतो. बँकेच्या पानावर असताना त्यावर खूण करू नका.

राहिलं विंडोज १०. भारतातल्या घरांमध्ये ते अजून भरपूर आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढचं वर्षभर सुरक्षेची अपडेट्स घ्यायची तर वेगळी नोंदणी करावी लागते, आणि त्यांत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, प्रोग्राम पडण्याच्या साध्या तक्रारींची दखल नसते. म्हणजे आई-बाबांच्या जुन्या मशीनने आता जास्तीची माहिती कितीही पाठवली, तरी त्या बदल्यात त्यांना काही परत मिळायचं नाही. तिथे ऑप्शनल बंद करायला विचारसुद्धा करायला नको. यंदा भारतात जाल तेव्हा ते मशीन विंडोज ११ घेऊ शकतं का ते 'पीसी हेल्थ चेक' हे मायक्रोसॉफ्टचं मोफत ॲप लावून बघून या. घेऊ शकत असेल तर अपग्रेडनंतर 'डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक' पुन्हा एकदा उघडा, कारण वाटेत ते पडदे पुन्हा येऊ शकतात, आणि शेजारी बसलेल्या कुणीतरी तोवर 'ॲक्सेप्ट' दाबलेलं असू शकतं.